ध्यान, डोकेदुखी आणि गच्चीवरचे अँटेने

ध्यानाने डोकं शांत होतं, असं सांगणारे मला आयुष्यात पुष्कळ भेटले. ते आधी ठणकतं, हे सांगणारा एकही भेटला नाही. तो शोध मी स्वतःच लावला, आणि लावल्यावर तो माझा एकट्याचा राहिला नाही, सगळ्या बिल्डिंगचा झाला.

शहाऐंशी साल असेल. घाटकोपर पूर्वेला हाउसिंग बोर्डाच्या कॉलनीत आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. मी, माझी बायको सुलक्षणा आणि माझे वडील, अण्णा. घर लहानच, पण पुढे सगळ्या मजल्याला मिळून एक लांब गॅलरी होती, त्यामुळे आपलं घर नेमकं कुठे संपतं हे कुणालाच नीट माहीत नसे. दारं दिवसभर उघडी. चुकून कुणी दार लावलंच, तर शेजारी काळजीने कडी वाजवत, "कोण आजारी आहे का हो?"

आमच्या शेजारी हिवराळे सर. अंबादास हिवराळे, मूळचे अकोल्याकडचे, मानखुर्दच्या एका म्युनिसिपल शाळेत हेडमास्तर. त्यांच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता आणि त्याखाली फळीवर बुद्धाची छोटी मूर्ती. तिच्यासमोर सर रोज सकाळी डोळे मिटून बसत. इगतपुरीला विपश्यनेचं शिबिर करून आले होते म्हणे. मी गॅलरीत दात घासताना ते बसलेले दिसत आणि मला वाटे, काय मजा आहे, उठल्यावर परत झोपायचं.

एके दिवशी सर शाळेत निघाले होते. त्या दिवशी शाळेची तपासणी, म्हणून कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. त्याच क्षणी तिसऱ्या मजल्यावरच्या सोनूबाईंनी निळीची बादली गॅलरीतून खाली ओतली. खाली कुणी नसतंच, अशी त्यांची वर्षानुवर्षांची श्रद्धा होती. सर डोक्यापासून पायापर्यंत आभाळासारखे निळे झाले. सगळी बिल्डिंग श्वास रोखून कठड्याला. आता काय होतंय!

सरांनी चष्मा पुसला, वर पाहिलं आणि म्हणाले, "सोनूबाई, नीळ जरा जास्त झालीय आज." आणि शर्ट बदलायला परत वर आले.

दुर्दैवाने त्याच सकाळी दाढीचा ब्रश सापडेना म्हणून मी पितळेचा तांब्या आपटून त्याला पोचा पाडला होता. सुलक्षणाने आधी सरांकडे पाहिलं, मग तांब्याकडे, मग माझ्याकडे. म्हणाली, "बघा." बस, एवढंच. पण त्या 'बघा'मध्ये लग्नापासूनचा सगळा इतिहास होता.

संध्याकाळी मी सरांना गाठलं. "सर, ते ध्यान कसं करतात हो?"

"काही नाही धुरी, मांडी घालून बसायचं, डोळे मिटायचे. श्वास आत येतो, बाहेर जातो, तो नुसता बघायचा. मन गेलं तर परत आणायचं. काही अडलं तर विचारा."

अडायचं काय त्यात? मी बी. कॉम. होतो. विमा कंपनीत क्लेम विभागात होतो. श्वास घेता मला जन्मापासून येत होता. मी सुलक्षणाला जाहीर केलं की उद्यापासून या घरात कुणी ओरडणार नाही. ती म्हणाली, "कुणी म्हणजे तुम्हीच ना?"

दुसऱ्या दिवशी मी बसलो. मला कुठलीही गोष्ट अर्धवट करता येत नाही. मी श्वासाला असा धरला, जसा पोलीस खिसेकापूला धरतो. आत आला, पकडला. बाहेर गेला, पाठलाग केला. शेजारी कुकरची शिट्टी झाली, मी भुवया आवळल्या. खाली नळावर भांडण लागलं, मी दात आवळले. वरच्या मजल्यावर कुणाचा तरी रेडिओ कामगारांचा कार्यक्रम सांगू लागला, तेव्हा मी जे जे आवळता येण्यासारखं होतं ते सगळं आवळलं. डोळे उघडले तर समोर सुलक्षणा.

"कुणावर रागावलाय का?" तिने विचारलं.

"ध्यान करतोय."

"मला वाटलं दाढ दुखतेय."

उठलो तर कपाळाच्या मधोमध, भुवयांच्या वर, कुणीतरी आतून बोट दाबून धरलंय असं वाटलं. ऑफिसात जाईपर्यंत ते बोट राहिलं नाही, त्याचा खिळा झाला. दुसऱ्या दिवशी मी आणखी जोरात ध्यान केलं, म्हणजे कालचं डोकं बरं होईल. ते आणखी दुखलं. आठवडाभरात अशी अवस्था झाली की मी मांडी घालायला वाकलो तरी डोकं आधीच सुरू होई.

खरं तर सर भिंतीपलीकडे होते. जाऊन विचारायचं. पण एव्हाना मी बिल्डिंगमध्ये सांगून बसलो होतो की आपल्याला ध्यान फार लवकर जमलं, काहीकाहींना जमतं तसं. माणसाला अशा वाक्यांनंतर शेजारी जाऊन विचारता येत नाही.

आणि डोकेदुखी काही लपत नाही. मी गॅलरीत कपाळ धरून उभा असताना सोनूबाई खाली आल्या. "नजर," त्या म्हणाल्या. मीठ-मोहऱ्या उतरवल्या. मोहऱ्या तडतडल्या नाहीत, म्हणजे नजर जबरदस्त. मग त्यांनी सुंठ उगाळून कपाळाला लेप दिला आणि वर तो रात्रभर ठेवायला सांगितलं. सकाळी लेप निघाला, पण त्याच्याबरोबर थोडं कपाळही निघालं. भुवयांच्या मधे तांबडालाल उभा डाग घेऊन मी ऑफिसला गेलो. आमचे साहेब कधी कुणाला नमस्कार करत नसत. त्यांनी डाग पाहिला, खुर्चीतून अर्धवट उठले आणि हात जोडून म्हणाले, "अनुग्रह घेतलात वाटतं?" मी मान हलवली. कुठल्या दिशेने हलवली ते माझं मलाच कळलं नाही.

बातमी घाटकोपरला माझ्याआधी पोचली असावी. सोसायटीचे सेक्रेटरी श्यामसुंदर नाडकर्णी जिन्यातच भेटले. नाडकर्णींना जगातला प्रत्येक विषय थोडाथोडा येत असे, आणि तेवढ्यावर ते कुणालाही मार्गदर्शन करू शकत.

"धुरी, दुखतं ते नेमकं कुठे?"

मी बोट ठेवलं.

नाडकर्णींनी आवाज खाली आणला. "अहो, तिसरा डोळा! उघडतोय तो. गंजलेलं दार उघडताना कुरकुरणारच. घाबरू नका, पण थांबूही नका."

खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. दुखत होतंच, पण आता त्या दुखण्याला दर्जा आला. मी गॅलरीतून सावकाश चालू लागलो. सुलक्षणाने भाजी कोणती करू विचारलं तर "जे येईल ते" असं म्हणू लागलो. ती एकदा म्हणाली, "येईल ते कुठून येईल? पिशवी घेऊन तुम्हालाच जायचंय."

तळमजल्यावर बाळा शिंपी होता. शिलाई चांगली, पण मटक्याचा नाद. तो एका संध्याकाळी हळूच वर आला आणि दारात उकिडवा बसला. "धुरीसाहेब, तुमचा आतला डोळा उघडलाय म्हणतात. आज ओपनचा आकडा काय येईल?"

"बाळा, मला छळू नकोस यार. डोक्यात नुसते घण पडतायत. सात पडले, आता आठवा पडतोय."

बाळाने कपाळाला हात लावून नमस्कार केला आणि धूम ठोकली. दुसऱ्या दिवशी तो रागाने लाल होऊन परत आला. त्याने आठावर लावले होते आणि आला होता सात. "पहिला बरोबर सांगितलात ना? मग पुढे बोलायचं कशाला? वाट लावली माझी!" माझी नवी पँट त्याच्याकडे शिवायला होती. ती त्याने पुढे दिवाळीपर्यंत दिली नाही.

शेवटी दुखणं इतकं वाढलं की मी ऑफिसात सुट्टी मागितली. आमच्या हेडक्लार्कने अर्ज वाचला. पेन खाली ठेवलं. परत वाचला.

"कारण काय लिहिलंय, धुरी? 'ध्यानधारणेमुळे उद्भवलेली डोकेदुखी'?"

"खरं तेच लिहिलंय."

"पण मग आजारपणाची रजा कशी देऊ? हे तुम्ही आपण होऊन केलंय. उद्या कुणी मुद्दाम भिंतीवर डोकं आपटून घेईल." त्याने जरा विचार केला. "आणि ध्यानाची रजा म्हणावी, तर ध्यान तुम्ही ऑफिसच्या वेळेआधी करता. म्हणजे ऑफिसच्या वेळेत होतं ते फक्त दुखणं. आणि दुखणं काय, इथे सगळ्यांचंच होतं."

यावर विभागातल्या सगळ्यांनी मान डोलावली. अर्ज वर गेला. वरून शेरा आला, 'वैद्यकीय अधिकाऱ्याचं मत घ्यावं.' कंपनीच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी माझे डोळे, नाक, घसा आणि जीभ पाहिली, आणि ते म्हणाले, "मोकळ्या हवेत बसा." असं मत मिळायला एवढं सगळं लागतं हे मला तोवर माहीत नव्हतं. रजा नाहीच मिळाली.

पण मोकळी हवा! कॉलनीत मोकळी हवा एकाच ठिकाणी होती, आमच्या गच्चीवर. आणि गच्चीची किल्ली नाडकर्णींकडे.

"गच्चीचा वापर," नाडकर्णी गंभीरपणे म्हणाले, "आपल्या ठरावाप्रमाणे तीनच कामांसाठी. पापड, गहू आणि टीव्हीचा अँटेना. ध्यान यातल्या कशात बसतं?"

"मी गव्हासारखा पडून राहीन."

नाडकर्णींना विनोद आवडत नसत. कमिटीची सभा झाली. धुरींना दिली तर उद्या कुणी भजनाला मागेल, परवा कुणी पत्त्यांना. शेवटी सोनूबाई उठून म्हणाल्या, "त्याचं डोकं फुटून मेला तर सुतक सगळ्या बिल्डिंगला का?" आणि मला परवानगी मिळाली. सुतकाचा नियम काय असतो ते कुणी तपासलं नाही.

ती गच्ची अजून डोळ्यांपुढे येते. आता तिथे चौदा मजली टॉवर आहे आणि त्याच्या गच्चीला कुलूप. पण तेव्हा वर गेलं की पार विक्रोळीच्या खाडीकडून वारा येई, दूरवर डोंगर दिसे आणि आजूबाजूला सगळ्या बिल्डिंगांच्या डोक्यावर अँटेन्यांचं रान. ज्याच्या घरी टीव्ही आला त्याने मधोमध जागा धरून आपला बांबू उभा केलेला. कुठे पतंग अडकलेले, कुठे कुणी वाळत घातलेली ओढणी विसरलेली. कावळे बसायचे ते त्या बांबूंवरच. मी त्या रानात सतरंजी पसरून बसलो. मोकळी हवा आत घेतली, पकडली, बाहेर जाताना पाठलाग केला. डोकं काडीइतकंही कमी झालं नाही.

खाली आलो तर नाडकर्णी जिन्यात वाटच पाहत होते. "काय, कसं काय?"

"तसंच."

ते थबकले. मग त्यांच्या चेहऱ्यावर तो प्रकाश पडला, जो पडला की बिल्डिंगमधली शहाणी माणसं घरात जाऊन दार लावत. "बसलात कुठे? अँटेन्यांच्या मधे? अहो धुरी! लहरी! सगळ्या मुंबईच्या लहरी तिथे गोळा होतात. अँटेना त्या ओढतो, आणि मधे तुमचं डोकं! तेही अर्धवट उघडलेलं!" नाडकर्णींनी तरुणपणी टपालाने रेडिओदुरुस्तीचा कोर्स सुरू केला होता. तो पुरा झाला नव्हता हे आम्हाला नंतर कळलं.

लहरींची गोष्ट संध्याकाळपर्यंत वणव्यासारखी पसरली. ज्यांच्या पलंगाच्या नेमका वर अँटेना येत होता त्यांचीही डोकी दुखायला लागली. सोनूबाईंचा गुडघा दुखत होता तोही लहरींच्या खात्यात गेला. मग पुन्हा कमिटी. सगळे अँटेने मधून काढून पाण्याच्या टाकीपलीकडे एका कोपऱ्यात लावायचे, असं ठरलं. 'श्री. धुरी यांच्या प्रकृतीच्या कारणास्तव' असं त्या ठरावात लिहिलं. मला वाटलं, चला, मेल्यावर नाही तर नाही, जिवंतपणी तरी आपल्यासाठी काही हललं.

रविवारी सकाळी नाडकर्णींच्या देखरेखीखाली मी आणि बाळाने सगळे बांबू उपटून टाकीमागे उभे केले. बाळा मटक्यावरून अजून धुमसत होता, पण त्याला उंचीवर चढायला आवडे. वायरी ओढून नेल्या, गाठी मारल्या, झकास रांग लावली. नाडकर्णी दोन पावलं मागे जाऊन म्हणाले, "बघा कसं शिस्तीत दिसतंय."

आता त्या काळचा रविवार ज्यांनी पाहिला नाही त्यांना पुढचं काय सांगू! रविवारी संध्याकाळी सिनेमा. ज्यांच्या घरी टीव्ही त्यांच्या घरी चार बिऱ्हाडं. पुढे सतरंजीवर पोरंटोरं, मधे बायका डाळ निवडत, मागे उंबऱ्यात पुरुष. टीव्हीचं शटर सरकवायचा मान घरच्या कर्त्या माणसाचा. त्या दिवशी आमच्या बिल्डिंगमध्ये सगळी शटरं सरकली, सगळे टीव्ही लागले आणि सगळ्या पडद्यांवर एकच सिनेमा सुरू झाला: मुंग्या.

मग तळमजल्यापासून तिसऱ्यापर्यंत एकच हाक, "धुरीऽऽ!"

मी नाडकर्णींना शोधलं. ते अचानक बहिणीकडे मुलुंडला गेले होते.

"ध्यानवाले, चढा वर!" बाळा खालून ओरडला. सोनूबाई म्हणाल्या, "माझी हिरॉइन मरायच्या आत चित्र लाव बाबा, नंतर काय उपयोग." त्यांना गोष्ट आधीच माहीत होती.

मी गच्चीवर धावलो. डोक्यात घण पडत होते. टाकीमागे सगळे अँटेने एकमेकांत शिंगं अडकवून उभे, कुणाची वायर कुठल्या घराची ते देवाला ठाऊक. मी एक बांबू धरून फिरवला आणि ओरडलो, "आलं का?" माझा आवाज जिन्यापर्यंतही गेला नाही. खालून वीस जण आपापलं ओरडत होते आणि त्यातलं एकही अक्षर कळेना.

तेवढ्यात जिन्याच्या तोंडाशी अण्णा येऊन उभे राहिले.

अण्णांबद्दल मी फारसं सांगितलं नाही, कारण तेव्हा घरात त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही घडत नसे. सगळा जन्म लालबागला मिलमध्ये साचाखात्यात, म्हणजे मागांवर, गेला. संप झाला, तो मिटलाच नाही, आणि मग मिलच बंद पडली. तेव्हापासून अण्णा गॅलरीत खुर्ची टाकून बसत. विचारलं तर हो किंवा नाही म्हणत. बाकी बोलणं नाही.

त्यांनी जिन्यातून खाली वाकून कानोसा घेतला, मग माझ्याकडे वळून, तोंडाशी हातांचा कर्णा करून आपल्या मालवणीत ओरडले, "इला!" म्हणजे चित्र आलं.

मी दचकलो. तो आवाज मी लहानपणी ऐकला होता. शेकडो साचे धडधडत असताना या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाला हाक मारी, तो आवाज. तो टाकीला धडकून परत आला. दोन बिल्डिंगा पलीकडचे कावळे उडाले.

"गेला! उजवीकडे घे! इला, इला... गेला! अरे मेल्या, सावकाश फिरव, बैल हाकतंस काय?"

मी फिरवत होतो. एक घर झालं की दुसरं. अण्णा खालच्या कालव्यातून नेमका त्या घराचा आवाज वेचून काढत, "नाडकर्णीणीचा इला! आता सोनूबायचा!" मला दुसरं काही ऐकू येत नव्हतं. डोळे कधी मिटले तेही कळलं नाही. हातात बांबू, कानात अण्णांचा आवाज. इला, गेला. इला, गेला. इला, थांब थंयच!

शेवटच्या घराचं चित्र आलं तेव्हा खालून टाळ्या पडल्या. ऊन डोंगराकडे कललं होतं. मी गच्चीवर बसकण मारली आणि एकदम माझ्या ध्यानात आलं.

"अण्णा! डोकं थांबलं! दुखत नाहीये!"

अण्णा माझ्या शेजारी येऊन टाकीच्या पायरीवर बसले. धाप लागली होती. तशातच म्हणाले, "बरा झाला. माझा खय थांबता."

"तुमचं काय?"

"माझा पण दुखता रे. मिल बंद पडली तेव्हापासून. साचे वाजत होते तवसर बरा होता. आता कानात नुसता सुंऽऽय वाजता. रात्री डोळ्याक डोळो लागणा नाय."

इतकी वर्षं! मी विचारलं, "पण मग सांगितलं का नाहीत?"

"कोणाक सांगू?" अण्णा म्हणाले. "तुझ्याच डोक्याभोवती मेली येवढी माणसा जमली, माझा ठेवतलंय खय?"

आणि अण्णा स्वतःच हसले. खालून सिनेमातलं रडणं ऐकू येत होतं. सोनूबाईंची हिरॉइन बहुतेक गेली असावी.

त्याच संध्याकाळी मी हिवराळे सरांच्या दारात जाऊन उभा राहिलो. त्यांच्याकडे टीव्ही नव्हता, ते पेपर तपासत बसले होते. मी तिसऱ्या डोळ्यापासून लहरींपर्यंत सगळं सांगितलं. न हसता ऐकायला त्यांना बराच त्रास झाला.

"धुरी, तुम्ही बसायचात तेव्हा मी बघायचो ना गॅलरीतून. कपाळाला ही अशी घडी. श्वासाला जणू मेमो देताय. मग दुखणार नाही तर काय?"

"अहो, मग सांगितलं का नाहीत?"

"सगळी बिल्डिंग सांगत होती. त्यात मी कुठे आणखी घुसू?" ते म्हणाले. "तुम्ही विचाराल म्हणून थांबलो होतो. पहिले काही दिवस मलाही असंच झालं होतं. कपाळ सैल सोडायचं, जबडा सैल सोडायचा. दुखलं तर दुखतंय एवढं कळू द्यायचं, भांडायचं नाही. जास्त वाटलं तर उठून एक चक्कर मारायची. आणि डोळे तपासून घ्या, पेपर किती जवळ धरून वाचता तुम्ही."

मी अण्णांचं सांगितलं. सर गंभीर झाले. म्हणाले, "कानाच्या डॉक्टरांना दाखवा आधी. माझ्या ओळखीचे आहेत एक. पण सकाळी आणा की त्यांना इकडे. नुसते बसतील."

हे बोलायला सोपं होतं. आम्ही त्या मजल्यावर राहायला आलो तेव्हापासून सुलक्षणाची आणि वनमाला वहिनींची, म्हणजे सरांच्या बायकोची, वाट्यांची ने-आण चाले. वहिनींच्या हातची तिळाची चटणी आमच्याकडे येई, आमची सोलकढी तिकडे जाई. पण अण्णांनी त्या दारातून आत पाऊल टाकलं नव्हतं, आणि त्या वाट्यांमधलं काही त्यांच्या ताटात पडत नसे. गावाकडून आणलेलं ते. आम्ही कुणी त्यावर बोलत नसू, सर तर नाहीच नाही. समोरासमोर आले की दोघं एकमेकांना नमस्कार करत आणि बाजूला होत.

मी रात्री जेवताना विषय काढला. अण्णा हात धुऊन गॅलरीत गेले. मला वाटलं, झालं, गेला माणूस परत खुर्चीत.

सकाळी मी सरांकडे निघालो तर अण्णा आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, दारात उभे. सरांच्या उंबऱ्याशी ते थांबले. आत बुद्धाच्या मूर्तीपुढे उदबत्ती जळत होती. वनमाला वहिनींनी चटई अंथरली होती.

"मास्तर," अण्णा बाहेरूनच म्हणाले, "माका मंत्र-बिंत्र येणा नाय."

"काही म्हणायचंच नाहीये अण्णा."

"आणि माझो देव?"

"तो तुमच्याजवळच राहू द्या. त्याला कोण हात लावतंय?"

अण्णांनी चपला काढल्या. त्या नीट जोडून भिंतीला लावल्या, पुन्हा एकदा सरळ केल्या, आणि आत आले.

आम्ही बसलो. अण्णांना मांडी जमेना, म्हणून सरांनी त्यांना भिंतीला टेकून पाय पसरायला सांगितलं. मी कपाळ सैल सोडलं. ते दोनदा आपोआप आवळलं, मी पुन्हा सोडलं. श्वास येत होता, जात होता. कुणी त्याच्या मागे लागलं नव्हतं.

थोड्या वेळाने बाजूने एक बारीक घरघर सुरू झाली. मी एक डोळा उघडला. अण्णांची मान छातीवर आली होती, तोंड किंचित उघडं, आणि ते घोरत होते. सुरुवातीला भीत भीत, मग चांगले खणखणीत, मिलच्या माणसाला शोभेल असे.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्यांना हलवायला हात पुढे केला, तर सरांनी डोळे न उघडताच माझं मनगट धरलं.

सरांच्या बसण्याची वेळ संपली. ते उठले नाहीत. त्यांच्या शाळेची वेळ झाली, तरी उठले नाहीत. वनमाला वहिनी स्वयंपाकघरातून आल्या, पाहिलं, आत जाऊन स्टोव्ह बंद केला, म्हणजे त्याचा फरफराट नको, आणि येऊन भिंतीशी बसल्या. मला ऑफिसला उशीर होतोय म्हणून सुलक्षणा बोलवायला आली. "अहो..." एवढं म्हणाली आणि तिथेच उंबऱ्यात टेकली. तिसऱ्या मजल्यावरून सोनूबाई काहीतरी ओरडायला कठड्यावर वाकल्या असाव्यात. सुलक्षणाने ओठांवर बोट ठेवून वर हात केला, आणि काय आश्चर्य, सोनूबाईसुद्धा गप्प झाल्या. खाली कुणीतरी नळही बारीक केला. त्या कॉलनीत राहिलो तितक्या वर्षांत मी अशी शांतता ऐकली नाही, आणि तिच्यात मधोमध अण्णांचं घोरणं.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. उन्हाची पट्टी चटईवरून सरकत अण्णांच्या पायांवर आली तेव्हा ते जागे झाले. डोळे उघडले, आम्हा सगळ्यांकडे पाहिलं, मग घराकडे पाहिलं, भिंतीवरच्या फोटोकडे, मूर्तीकडे. आपण कुठे आहोत ते त्यांच्या सावकाश ध्यानात येत गेलं. त्यांनी हातांनी तोंड पुसलं.



मग अण्णा वनमाला वहिनींकडे वळून म्हणाले, "सूनबाई, जरा चाय ठेवतंस गो?"

वहिनी पदर सावरत उठल्या. "ठेवते, अण्णा," त्या म्हणाल्या, आणि स्टोव्ह पेटवायला आत गेल्या.